नववीतला मुलगा फक्त मार्क असतील तेवढंच वाचतो, काय करू?

आधी एक सांगते, त्याला ओरडू नका. मी राजापूर तालुक्यात दहावी-बारावीच्या शिकवण्या घेते आणि मार्कांची पद्धत बदलली की पोरांचा अभ्यास लगेच बदलतो हे मी दरवर्षी बघते.

दहावीला विषय सहा, मार्क 600, पण टक्केवारी बेस्ट ऑफ फाईव्हने, म्हणजे सगळ्यात कमी मार्कांचा विषय गळतो आणि 500 पैकी टक्के निघतात. कुठला विषय गाळायचा हे मुलं दिवाळीनंतरच ठरवून ठेवतात आणि आमच्याकडे तो बहुतेक इतिहास-भूगोल, कारण ते पेपर शेवटी असतात आणि कधीकधी तेव्हा नेमका शिमगा, गावात पालखी घरोघर फिरत असते. एकाला विचारलं, अरे परवा भूगोल ना, तर म्हणे बाई, पासापुरता झालाय, तो तसाही उडणारच. आणि गेला पालखी नाचवायला. मला वाईट वाटलं पण त्याचा हिशोब बरोबर होता ना!

उलटंही होतं. 2019 च्या परीक्षेला भाषांचे तोंडीचे 20 मार्क काढले होते, राज्याचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला, सगळीकडे आरडाओरडा झाला. पण त्याच वर्षी माझ्याकडची मुलं आपणहून निबंध लिहून आणायची, बाई व्याकरण तपासा म्हणून मागे लागायची. पुढच्या वर्षी 20 मार्क परत आले आणि वह्या यायच्या बंद झाल्या, कारण तोंडीला बहुतेकांना चांगलेच मार्क पडतात.

बारावीला तर विचारूच नका. इंजिनिअरिंगला नंबर सीईटीवर, म्हणजे प्रवेश परीक्षेवर लागतो, बोर्डात ओपनवाल्याला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणितात मिळून 45 टक्के असले की झालं, मग फिजिक्सची डेरिव्हेशन कोण लिहून बघणार? सीईटीत गणिताच्या प्रश्नाला 2 मार्क, फिजिक्स-केमिस्ट्रीला 1, म्हणून संध्याकाळ सगळी गणितात.

तुमचा मुलगा नववीत म्हणताय, तर आत्ताच त्याच्याबरोबर बसा आणि तो कुठला विषय गाळणार आहे ते विचारा. इतिहास-भूगोल म्हणाला तर तिथलं त्याला आवडेल ते जेवताना गप्पांत बोला, मार्कांचं नाव न काढता. पण गणित म्हणाला आणि सायन्सला जायचं असेल तर मात्र ठाम नाही म्हणा, दहावीची त्रिकोणमिती कच्ची राहिलेली मुलं माझ्याकडे अकरावीच्या जुलैतच रडत येतात.