क्रेनिओसॅक्रल थेरपी म्हणजे काय? आईच्या मानदुखीसाठी गुहागरहून रत्नागिरीला न्यावं का?

मालिश समजून नेऊ नका. तेल नाही, रगडणं नाही, हाडं मोडणं तर नाहीच. अंगावरच्या कपड्यांनिशी उताणं पडायचं. थेरपिस्ट डोक्याखाली, मानेखाली, कमरेखालच्या त्रिकास्थीपाशी नुसता हात ठेवतो. दाब साधारण ५ ग्रॅम, चमचाभर साखरेइतका! पाऊण-एक तास हेच.

अमेरिकन ऑस्टिओपॅथ (हाडं-स्नायू हातानं हाताळून उपचार करणारे) विल्यम सदरलँड यांच्या कल्पनेवरून जॉन अपलेजर यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत बसवली. दावा असा, की मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची लय हाताला कळते. इथे मात्र गडबड आहे: एकाच माणसाला दोघा थेरपिस्टांनी तपासलं, तर लय जुळत नाही. आजार बरा होतो याचा भक्कम पुरावाही नाही. शांत पडून राहिल्यानं अंग सैल होतं, काहींना झोप छान लागते, एवढं खरं.

आईंच्या हाताला मुंग्या येत असतील तर आधी हाडांचे डॉक्टर गाठा. डोक्याला नुकताच मार लागला असेल किंवा मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ही थेरपी नकोच. नुसता ताण असेल तर एकदा करून बघायला हरकत नाही, पण दहा सेशनचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. आणि जाताना एसटीपेक्षा गाडी बघा, त्या वळणांनी मान आणखी धरेल.