वाचकांचे प्रश्न : निंबाखालची बैठक आणि बांबूचा बाक

प्रश्न : गावच्या एसटी थांब्यावर जुना निंब आहे. त्याच्याभोवती सिमेंटचा गोल ओटा बांधला होता. दोन पावसाळ्यांत तो तडकला, आता निंबाचे शेंडेही वाळताहेत. दगड-लाकडात नव्याने कसा करावा?
— एक वाचक, ता. अमळनेर

उत्तर : ओटा तडकला तो काळ्या मातीपायी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं बांधकाम कुठे उचललं जातं, कुठे खचतं. अखंड गोल भिंतीला ही ओढाताण सोसत नाही. शेंडे वाळायला इतरही कारणं असू शकतात, पण पहिला संशय ओट्यावरच घ्यावा. बुंध्याशी भराव आणि वर सिमेंट असलं की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. शिवाय पायाचा चर खणताना मुळं तुटतात ती वेगळीच.

म्हणून पुन्हा ओटा नकोच, सुटे बाक करा. जुना ओटा घण-छिन्नीने फोडा, जेसीबी झाडाजवळ आणू नका. बुंधा जिथे रुंदावून मुळांत शिरतो तो भाग उघडा दिसेपर्यंत भराव हाताने काढा.

बुंध्यापासून २ मीटरवर वर्तुळ आखा आणि त्यावर दीड मीटर लांबीचे सहा बाक मांडा. दोन बाकांमध्ये साधारण अर्धा मीटर मोकळी वाट राहते. प्रत्येक बाकाला काळ्या दगडाचे दोन ठोकळे लागतील : ४५ सेंमी रुंद, २५ जाड, ५५ उंच. एकेक ठोकळा पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतो, तेव्हा चार माणसं आणि पहार हवीच. ठोकळ्यापुरता ६० × ४५ सेंमीचा, ६० सेंमी खोल खड्डा हाताने घ्या. अंगठ्याहून जाड मूळ लागलं तर ते तोडू नका, खड्डाच सरकवा. तळाशी मुरूम १५-१५ सेंमीच्या तीन थरांत, पाणी शिंपडत धुमसाने ठोकून भरा. एकदम भरलेला मुरूम पहिल्याच पावसात बसतो. ठोकळा वरच्या १५ सेंमीत रोवा, ४० वर राहील. बाक सुटे असल्याने एखादा हललाच तर तेवढाच उचलून पुन्हा बसवता येतो.

बैठकीला बाभळीच्या फळ्या घ्या. दगड-सिमेंटइतकं लाकूड चटकत नाही. एका बाकाला १० सेंमी रुंद, ५ सेंमी जाड अशा चार फळ्या, मध्ये १ सेंमी फट. सहा बाकांना २४. फळी लालसर तपकिरी गाभ्याचीच हवी, कडेच्या पांढरट लाकडाला कीड लागते. ओली फळी पिळवटते, म्हणून सावलीत नीट वाळवून मगच बसवा. बोल्ट गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसचे घ्या. साध्या लोखंडाने बाभळीच्या लाकडावर काळे डाग पडतात, आणि बोल्टही गंजतो. फळीतलं भोक लांबट ठेवा, म्हणजे लाकूड फुगलं तरी चिरत नाही. दर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास जवसाच्या तेलाचा हात द्या. टोकांना दोनदा, कारण पाणी तिथूनच शिरतं. तेलकट चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, तो आपोआप पेटू शकतो, पसरून वाळवा.

जमिनीवर फरशी किंवा पेव्हर नको, पालापाचोळा पसरा, पण बुंध्याला टेकू देऊ नका.

प्रश्न : वाचनालयासमोरच्या नव्या बांबूच्या बाकातून पिवळट भुकटी गळते. काय करावं?
— एक वाचक, ता. शहादा

उत्तर : हे भुंगेऱ्याच्या अळीचं काम आहे. बांबूतल्या पिष्टावर (स्टार्चवर) ती जगते, म्हणून कोवळा किंवा पावसाळ्यात तोडलेला बांबू आधी पोखरला जातो. भुकटी गळणारे तुकडे बदला. नवे बांबू तीन-चार वर्षांचे, हिवाळ्यात तोडलेले घ्या. मानवेल मिळाला तर उत्तम, तो जवळजवळ भरीव असतो. पोकळ बांबूच्या गाठी आतून सळईने फोडा. १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवून त्यात आठ-दहा दिवस पूर्ण बुडवून ठेवा, मग सावलीत उभे वाळवा. हातमोजे घाला, उरलेलं पाणी शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नका, गुरांना त्याच्याजवळ फिरकू देऊ नका. हे औषध पावसाने धुऊन जातं, त्यामुळे बाक छपराखालीच हवा आणि त्याचे पाय दगडावर टेकलेले, मातीत पुरलेले नकोत.