टी-५५ च्या टरेटला ओतीव पोलादाचे रूप कसे द्यावे?

तुम्ही विचारले आहे की, टी-५५ रणगाड्याच्या १/३५ प्रमाणातील प्लास्टिक मॉडेलचा टरेट (तोफ बसवलेला फिरता घुमट) जोडून झाल्यावर पालथ्या वाटीसारखा गुळगुळीत दिसतो, तर त्याला खऱ्या पोलादाचा पोत कसा द्यावा आणि मुंबईच्या पावसाळ्यात हे काम करता येईल का. मॉडेल १९७१ च्या युद्धातील भारतीय रणगाड्याचे आहे, असेही तुम्ही लिहिले आहे.

माझ्या मते पहिला निर्णय हा पोत कुठे हवा आणि कुठे नको, याचा आहे. टी-५५ चा टरेट वरपासून खालपर्यंत ओतीव नसतो. त्याची घुमटाकार भिंत ओतीव पोलादाची असते, पण छत मात्र इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराच्या दोन सपाट प्लेटींचे असून त्या एकमेकींना आणि भिंतीला वेल्डिंगने जोडलेल्या असतात. अनेक मॉडेलांत छतासकट सगळा टरेट सारखाच खरबरीत केलेला दिसतो आणि जाणकाराची नजर नेमकी तिथेच अडते. म्हणून छतावर आणि झाकणांवर मास्किंग टेप लावूनच भिंतीचे काम सुरू करावे.

त्याआधी वरच्या व खालच्या भागांमधला सांधा पुट्टीने भरून, घासून नाहीसा करावा. मग भिंतीच्या हातभर नव्हे, तर बोटभर भागावर लिक्विड सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा पातळ गोंद) लावावे आणि प्लास्टिक किंचित मऊ होताच आखूड, ताठ केसांच्या जुन्या ब्रशने त्यावर उभे टोचे मारावेत. सिमेंटऐवजी मिस्टर सरफेसर ५०० (मॉडेलसाठीचा दाट प्रायमर) याचा थर देऊन त्यावर टोचे मारले तरी चालते, आणि नवख्या हाताला तेच सोपे जाते, कारण बिघडलेला थर थिनरने पुसता येतो, तर विरघळलेले प्लास्टिक परत येत नाही. पूर्ण सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलकेच फिरवावा. इथे संयम फार महत्त्वाचा आहे. खऱ्या टरेटवरचा ३ मि.मी. उंचवटा या प्रमाणात ०.१ मि.मी.पेक्षाही कमी भरतो, त्यामुळे पोत डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला जाणवला पाहिजे. उरलेले काम रंगाचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा खूप पातळ केलेला रंग, करतो.

छताभोवतीची वेल्डिंगची शिवण हा मला या कामातला सर्वांत आनंदाचा भाग वाटतो. स्प्रूचा (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीचा) तुकडा मेणबत्तीवर तापवून ओढला की केसासारखी तार निघते. ती सांध्यावर चिकटवून सिमेंटने मऊ करावी आणि सुरीच्या पात्याने जवळजवळ दाब द्यावेत. दाब अगदी समान अंतरावर नसले तरच ते हाताने केलेले वेल्डिंग वाटते. भिंतीवरचे ओतकामाचे उठावदार आकडे किटच्या स्प्रूवर आयतेच असतात. ते नव्या ब्लेडने पातळ कापून लावावेत.

तोफेची निवड मात्र काळजीने करावी. १९७१ मध्ये या रणगाड्यांवर १०० मि.मी.ची तोफ होती आणि तिचा धूर खेचणारा फुगीर भाग नळीच्या अगदी टोकाशी असतो. पुढे भारतीय टी-५५ ना १०५ मि.मी.ची तोफ बसवली गेली, जिच्या नळीवर तोच भाग मध्याच्या आसपास येतो. ती तोफ तुमच्या मॉडेलवर चालणार नाही. तोफेच्या मुळाशी असलेल्या कापडी आवरणासाठी पातळ टिश्यू पेपर आणि पाण्यात कालवलेले फेव्हिकॉल पुरते. सुरकुत्या ओल्यातच सुईने घालाव्यात.

पावसाळ्याबद्दल सांगायचे तर घासकाम आणि वेल्डिंगची शिवण जुलैतही निर्धास्त करावी. फक्त पुट्टी सुकायला नेहमीपेक्षा जास्त वेळ द्यावा. स्प्रे प्रायमर मात्र दमट हवेत मारू नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. पावसाची उघडीप असलेली कोरडी दुपार पाहून, खिडक्या उघड्या ठेवून आणि मास्क लावून हे काम उरकावे.

टरेटच्या बाजूंचे हातदांडे किटमध्ये जाड असतात. त्यांच्याऐवजी ०.५ मि.मी.ची पितळी तार वाकवून लावावी. ती नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर दुकानांत विचारून पाहावी. भोके आधी पाडून ठेवावीत, पण दांडे पोताचे सगळे काम संपल्यावर, प्रायमरच्या आधी बसवावेत, म्हणजे ब्रश मारताना ते वाकत नाहीत आणि पितळ व प्लास्टिक एकाच थराखाली येते.