जपान सोडताना उरलेल्या येनचे काय करावे?

पहिल्याच परदेशवारीत हा प्रश्न निघण्यापूर्वी विचारलात, हे उत्तम झाले. बहुतेकांना तो विमानतळावर पोहोचल्यावर आठवतो.

सर्वांत आधी नाणी संपवा. नोटा भारतात विकता येतात, परंतु नाणी सहसा कोणी घेत नाही, आणि जपानमध्ये नाणे 500 येनपर्यंतचे असल्यामुळे मूठभर चिल्लरही बरीच मोठी रक्कम ठरते. शेवटच्या 2 दिवसांत दुकानात आधी नाणी द्या आणि कमी पडेल तेवढीच नोट काढा. (माझ्या पहिल्या खेपेची नाणी अजून घरच्या डब्यात आहेत.)

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे घाईघाईने येनचे डॉलर आणि घरी आल्यावर डॉलरचे रुपये करणे. यात खरेदी-विक्रीच्या दरांतील फरकाचा फटका दोनदा बसतो. नोटा तशाच आणून अधिकृत विनिमय केंद्रात विका, मात्र दोन-तीन ठिकाणी दर विचारूनच.

नियमांपैकी सध्या एवढेच लक्षात ठेवा:

- 10 लाख येनपेक्षा अधिक मूल्याची रोकड जपानबाहेर नेताना सीमाशुल्क विभागाकडे घोषणापत्र द्यावे लागते.
- भारतात उतरताना 5,000 डॉलरपेक्षा अधिक मूल्याच्या परकीय नोटा जवळ असल्यास घोषणा आवश्यक असते.
- परतल्यावर 2,000 डॉलरपर्यंतच्या मूल्याचे चलन जवळ ठेवता येते. त्यावरचे 180 दिवसांत विकावे लागते.

विनिमयाची पावती जपून ठेवा.