बाळ मोठं झालं की आतड्याच्या नसा वाढतील ना?

बालशस्त्रक्रिया विभागात समुपदेशन करताना हा प्रश्न हमखास येतो. त्या दिवशी तो आजींनी विचारला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नातू महिन्याचा. पहिली काळी शी व्हायलाच तिसरा दिवस उजाडलेला. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला ती बहुधा 24 तासांत, फार तर 48 तासांत होते. पुढे पोट टम्म फुगू लागलं, हिरव्या उलट्या सुरू झाल्या. घरी विड्याच्या पानाचा देठ एरंडेल लावून वापरून झाला होता. तेवढ्यापुरती धारेसारखी शी व्हायची आणि पुन्हा बंद. गुदाशयाच्या बायोप्सीत चेतापेशी सापडल्या नाहीत. हर्शस्प्रंगचा आजार. साधारण 5000 बाळांत एकाला होतो, मुलग्यांना जास्त.

"मॅडम, एवढ्याशा जिवाला कापायचं कशाला? नसा अजून कोवळ्या असतील, येतील की हळूहळू," आजी म्हणाल्या.

मी केसपेपरच्या मागे एक लांब नळी काढली आणि वरून खाली ठिपके देत गेले. आतड्याच्या चेतापेशी आतड्यात जन्मत नाहीत. गर्भाच्या मानेजवळच्या भागातून त्या निघतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास आतड्याच्या वरच्या टोकाला शिरतात आणि वाढत, सरकत सातव्या आठवड्याच्या आसपास शेवटापर्यंत पोचतात. या बाळाच्या पेशी त्या शेवटाच्या अलीकडेच थांबल्या. मी शेवटची दोन बोटं जागा कोरी सोडली. तिथे स्नायू आहेत, पण त्यांना सैल व्हायला सांगणारं कुणी नाही. म्हणून तो भाग आवळलेलाच राहतो आणि शी वर तुंबते. एक्स-रेत फुगलेलं दिसतं ते आतडं खरं तर चांगलं असतं! डॉक्टरही यात बरीच वर्षं फसले. 1948मध्ये स्वेन्सन यांनी आवळलेला भाग काढून वरचं निरोगी आतडं खाली जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली, तेव्हा उपचारांना खरी दिशा मिळाली.

आजींचं म्हणणं सगळंच चूक नव्हतं, आणि ते मी त्यांना सांगितलंही. जन्मानंतर आतड्याची बरीच घडी बसायची असते. तान्ही बाळं लाललाल होऊन कुंथतात, रडतात आणि शी मात्र मऊच होते. कारण वरून जोर लावताना खालचे स्नायू सैल सोडायचे, हे त्यांना अजून जमत नसतं. काही आठवड्यांत जमतं. दीड महिन्यानंतर अंगावर पिणारं बाळ चार-पाच दिवस शी करत नसेल, पण वजन वाढतंय, पोट मऊ आहे, तर देठ आणि साबणाच्या कांड्या लांबच ठेवाव्यात. पण जिथे पेशी पोचल्याच नाहीत, तिथे थांबून त्या येत नाहीत.

आजी शिक्का मारून आणायला बाहेर गेल्या. तोवर गप्प बसलेल्या आईने विचारलं, "ताई, लोहाच्या गोळ्यांनी मला फार कडक व्हायची. त्याचंच बाळाला झालं का?"

"कधी सुरू केल्या गोळ्या?"

"चौथ्या महिन्यात."

मी कागदावरच्या सातव्या आठवड्यावर बोट ठेवलं. तिने दोनदा हिशेब केला आणि मग रडली. गोळ्या, खाणं, ग्रहण, कशाचाच इथे संबंध नव्हता. काही घरांत आरईटीसारख्या जनुकातला बदल सापडतो. तो कुणी ठरवून देत नाही. पुढच्या बाळाला धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून त्यांना जनुकीय सल्ल्यासाठीही पाठवलं.

ऑपरेशननंतर सगळं लगेच सुरळीत होईल, असं मी सांगत नाही. काही मुलांना पुढे वर्षानुवर्षं बद्धकोष्ठ राहतं, काहींची चड्डी खराब होते. त्याच कागदावर मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: ताप, फुगलेलं पोट आणि घाण वासाचे पातळ जुलाब एकत्र दिसले, तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा, ऑपरेशनच्या आधीही आणि नंतरही.