फोर बाय फोर उंच-खाली केली की काय झिजतं?

प्रश्न : माझी 2013 ची थार आहे. पुढचे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या लोखंडी सळ्या) बोल्टने कसून गाडी दीड इंच वर घेतली. तेव्हापासून पुढचे टायर बाहेरच्या कडेने खातात आणि स्पीडब्रेकर उतरताना पुढून 'टक' आवाज येतो. बार जास्त कडक झाले का? — एक वाचक, जुन्नर

उत्तर : बार कडक झालेले नाहीत. बोल्ट कसल्याने बारची जाडी किंवा लांबी बदलत नाही, त्यामुळे त्याची ताकद होती तेवढीच राहते. बदलते ती चाक धरणाऱ्या आर्मची बसण्याची जागा. चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जी मोकळीक होती, तीच तुम्ही उंचीसाठी खर्च केली आहे. आता ब्रेकर उतरताना चाक लोंबलं की आर्म लगेच स्टॉपवर आदळतो, नाहीतर शॉकअप पूर्ण ताणला जातो. 'टक' तिथून येतो. हे असंच चालू ठेवलं तर आधी शॉकअपचे बुश आणि मग ऑइल सील जाईल.

मोकळीक किती उरली ते घरीच मोजा. गाडी सपाट जागी, चारही टायरची हवा बरोबर. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत उभं अंतर घ्या. मग चेसिसला जॅक लावून चाक पूर्ण लोंबेपर्यंत उचला आणि तेच अंतर पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक 40 मिलिमीटरच्या आत असेल तर बार सैल करावेच लागतील, यात तडजोड नको.

सैल करताना गाडी स्टँडवर, चाकं लोंबती, म्हणजे बारवरचा भार सर्वांत कमी. भाराखाली बोल्ट फिरवला तर आटे खराब होतात. आधी जागेवर रंगाची खूण करा, आट्यांना ग्रीस लावा, दोन्ही बाजूंना फेरे मोजून फिरवा. खाली उतरवल्यावर गाडी पाच-सात मीटर पुढे-मागे ढकला आणि मगच मोजा. नुसती जॅकवरून उतरवलेली गाडी चाकं आत ओढलेल्या अवस्थेत उंचच दिसते आणि माप चुकतं. डाव्या-उजव्या बाजूत 5 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

टायरचं कारण वेगळं आहे. वरचा आर्म आखूड आणि खालचा लांब असलेल्या मांडणीत गाडी वर गेली की चाकाचा माथा बहुधा बाहेर झुकतो आणि बाहेरची कड खाते. सोबत टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, बिघडतो, कारण टाय रॉडचा कोन बदलतो. टो तपासायला टायरवरून आडवा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागलं तर टो चुकलेला आहे. एकच कड खाल्लेली आणि बाकी पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर झुकाव, चुकलेला आहे. अलाइनमेंटवाल्याकडून फक्त टो करून घेऊ नका. कॅम्बर आणि कास्टरचेही (चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आकडे मागा. उंची बदलल्यावर अलाइनमेंट करायचं असतं, आधी नव्हे.

पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांचे, म्हणजे सीव्ही जॉइंटचे, रबर बूटही हातात धरून बघा. कोन वाढला की बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि घडीच्या तळाशी बारीक भेगा पडतात. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फराटे दिसले तर बूट फाटला आहे. धूळ आत गेली की जॉइंट टिकत नाही. चाक शाफ्टपासून सोडवणारे फ्री-व्हीलिंग हब नसतील तर टू-व्हील ड्राइव्हमध्येही हे शाफ्ट फिरतच असतात, त्यामुळे 'फोर बाय फोर क्वचितच लावतो' ही सबब इथे चालत नाही.

प्रश्न : पिकअपला मागे दोन इंच लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला लटकवणाऱ्या पट्ट्या) बसवले, गाडी मात्र एकच इंच उचलली. शिवाय 60-70 च्या वेगाला खालून थरथर येते. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : एक इंच बरोबर आहे. पाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) पुढचं टोक जागेवरच राहतं, मागचं तेवढं खाली येतं, म्हणून मधोमध बसलेल्या ॲक्सलला निम्मी उंची मिळते. पण पाटा तिरका झाल्याने ॲक्सल फिरतो आणि पिनिअनचं (ॲक्सलमधल्या, प्रोपेलर शाफ्ट जोडलेल्या गिअरचं) नाक वर उचललं जातं. थरथर त्याचीच. प्रोपेलर शाफ्टच्या दोन क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) कोन सारखे असले की एकाची वेगातली चढ-उतार दुसरा खाऊन टाकतो. ते बिघडले की क्रॉसच्या सुया आणि सेंटर बेअरिंग झिजू लागतं.

गाडी चाकांवर उभी असताना अँगल गेजने पिनिअनच्या फ्लँजचा कोन मोजा. एकसंध शाफ्ट असेल तर तो गिअरबॉक्सच्या फ्लँजशी, दोन तुकड्यांचा असेल तर पुढच्या तुकड्याशी समांतर हवा. जेवढा फरक, तेवढ्या अंशाची तिरकी लोखंडी पाचर ॲक्सल आणि पाट्यामध्ये घाला. पाटे ॲक्सलच्या वर असतील तर पाचरीची जाड बाजू पुढे. ॲल्युमिनिअमची पाचर चेपते, ती नको. यू-बोल्ट नवेच वापरा आणि 500 किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा कसा.

शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना कसले असतील तर सैल करून, गाडी जमिनीवर उभी ठेवून पुन्हा कसा. नाहीतर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

आणखी एक गोष्ट, जी गॅरेजमध्ये हमखास राहून जाते. मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (मागे किती माल आहे ते उंचीवरून ओळखून ब्रेकचं प्रेशर ठरवणारा) असेल तर उंची वाढल्यावर त्याला गाडी रिकामी वाटते. तो मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करतो, पुढचे पॅड लवकर संपतात आणि भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते. त्याचा ब्रॅकेट कंपनीच्या पद्धतीनुसार जुळवून घेतल्याशिवाय गाडी भरू नका.

प्रश्न : रिकामी पिकअप फार आदळते. मागचे दोन पाटे काढून खाली घेतली तर? — एक वाचक, सांगोला

उत्तर : काढू नका. उरलेल्या पाट्यांवर भार वाढतो, माल भरला की ते उलटे वाकतात आणि बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतात. तोवर ॲक्सल बंप स्टॉपवर (चेसिसखालच्या रबरी ठोकळ्यावर) बडवत राहतो आणि शॉकअप तळाला लागतो. त्याऐवजी पाटे उतरवून गंज घासा, टोकांचे झिजलेले लायनर बदला, शॅकल बुश पाहा. मागच्या टायरमध्ये कायम भरलेल्या गाडीची हवा ठेवता का? दाराच्या पट्टीवर रिकाम्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. तेवढी हवा ठेवून महिनाभर चालवा, माल भरताना मात्र आठवणीने वाढवा.

प्रश्न : 245/70 आर 16 ऐवजी 265/75 आर 16 टायर घातले तर? — एक वाचक, फोंडा

उत्तर : व्यास सुमारे 749 वरून 804 मिलिमीटर होतो, म्हणजे 7 टक्क्यांनी जास्त. स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 64 वर असेल. किलोमीटरही कमी मोजले जातील, म्हणून 10,000 चं ऑइल 9,300 लाच बदला. मोठ्या चाकामुळे गाडी उचलायला जास्त जोर लागतो, त्यामुळे चढावर हाफ क्लचची सवय असेल तर क्लच प्लेट लवकर जाईल. रिम बाहेर काढणारे स्पेसर मात्र घालू नका, चाकाच्या बेअरिंगवर तरफेचा भार पडतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, तेव्हा खर्च करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोन्हींकडे लेखी विचारा.