वाचकांचे प्रश्न : जुन्या बसचे फिरते घर

प्रश्न : मी मिरजेचा रहिवासी असून नुकताच निवृत्त झालो आहे. एका शिक्षणसंस्थेची अकरा वर्षे जुनी, सुमारे अकरा मीटर लांबीची बस विक्रीस निघाली आहे. माझ्या पुतण्याचा फॅब्रिकेशनचा व्यवसाय असल्याने ती घेऊन आपल्याच हातांनी तिचे फिरते घर करावे आणि आम्ही उभयतांनी देश पाहावा, असा विचार आहे. एसटीच्या लिलावातील गाडी याहून स्वस्त पडेल, असेही काही जण सुचवतात. कामाला सुरुवात कोठून करावी? छतावरील सौर पॅनेलवर एसी चालेल का? स्वयंपाकासाठी गॅस ठेवावा का?

उत्तर : सुरुवात आरटीओ कार्यालयातून करावी, ग्राइंडर हाती घेण्याची वेळ त्यानंतर येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला परस्पर करता येत नाही. पन्नास आसनांची शाळेची बस दोन पलंग आणि ओटा असलेले घर झाली, की तिची आसनसंख्या, वापर आणि वर्ग असे सारेच बदलते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगर-परिवहन वाहनांमध्ये मोडतो, म्हणजे आपल्या गाडीला जाण्यासाठी कायद्यात जागा आहे. मात्र मोटार कॅरॅव्हानसाठी, म्हणजे अशा फिरत्या घरासाठी, एआयएस-१२४ हे स्वतंत्र तांत्रिक मानक असून काम त्याच्याशी जुळणारे असावे लागते. पुण्याची एआरएआय ही अशा तपासण्या करणारी संस्था आहे. आतील रचनेचा मोजमापांसह आराखडा जोडून आरटीओकडे लेखी अर्ज करावा, कोणती प्रमाणपत्रे लागतील हे लेखीच विचारावे आणि परवानगी नाकारली गेल्यास इसार परत मिळेल, अशी अट संस्थेबरोबरच्या सौदापत्रात घालून घ्यावी. हे न करता आधी आसने उपटून काढणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्या गाड्या पासिंगअभावी अंगणातच उभ्या राहतात. विमा कंपनीलाही बदल कळवावा, कारण न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो.

एसटीच्या गाडीचा विचार सोडून द्यावा. सरकारी वाहने, त्यांत राज्य परिवहन महामंडळांच्या बसगाड्याही आल्या, पंधरा वर्षांची झाली की १ एप्रिल २०२३ पासून त्यांची नोंदणी संपुष्टात येते आणि ती अधिकृत केंद्रात मोडीतच काढावी लागतात. लाल गाडीविषयी आपल्या सर्वांनाच जिव्हाळा आहे, परंतु तो रस्त्यावर चालवण्याचा परवाना होऊ शकत नाही.

आता बसच्या आकाराविषयी, ज्याबद्दल आपण काही विचारलेले नाही. गाडीचे भारासह एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा जास्त असेल तर हलक्या मोटार वाहनाचा परवाना चालत नाही, जड वाहनाचा लागतो. अकरा मीटरच्या दोन आसांच्या (ॲक्सलच्या) बसचे असे वजन साधारण सोळा टनांपर्यंत जाते. निवृत्तीनंतर जड वाहन शिकून परवाना काढणे अशक्य नाही, पण कोकणातल्या घाटवळणांवर, गावातल्या गल्लीत आणि देवस्थानाच्या वाहनतळावर अकरा मीटरची गाडी मागे घेणे हा रोजचाच व्यायाम होईल. दोन माणसांसाठी सहा-सात मीटरची, साडेसात टनांच्या आतली मिडीबस पुरेशी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही मोठीच घ्यायची ठरल्यास पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

रंग आणि टायर पाहून बस विकत घेऊ नये. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर उभी करून खालून चासी (गाडीचा खालचा मूळ सांगाडा), चासीला बॉडी जोडणारे आडवे सांधे, चाकांवरील कमानी आणि पायऱ्यांखालची जागा पाहावी. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज येण्याऐवजी बद्द आवाज आला, तर रंगाखाली पत्रा कुजलेला आहे असे समजावे. सांगली-मिरजेच्या हवेतल्या गाडीपेक्षा किनारपट्टीवर धावलेल्या गाडीची ही तपासणी अधिक कसून करावी लागते. पुतण्याचे कौशल्य येथे खरे उपयोगी पडेल, कारण गंज कापून नवे लोखंड जोडणे ही कामे बाहेरून करून घेतल्यास खर्च भराभर वाढतो. मात्र बॉडीचे उभे खांब आणि छताच्या कमानी कापू नयेत. गाडी उलटल्यास आतल्या माणसांना वाचवणारा सांगाडा तोच असतो.

वजनाबाबत लोकांचा हिशेब बहुधा चुकतो. पन्नास प्रवाशांचे वजनच तीन ते साडेतीन टन होते आणि आसने निघाल्यावर आणखी भार कमी होतो. त्यामुळे एकूण वजनाला भरपूर वाव असतो. अडचण येते ती त्याच्या वाटणीत. तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलो. ही टाकी, बॅटऱ्या आणि फ्रिज असे सारे एकाच बाजूला किंवा मागच्या आसाच्या पलीकडे गेले, तर गाडी एका अंगाला झुकते, पुढचा आस हलका होऊन स्टिअरिंगची पकड कमी होते आणि ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. टाकी दोन आसांच्या मध्ये, शक्य तितकी खाली आणि चासीच्या जवळ बसवावी. काम पुरे झाल्यावर भरल्या टाकीनिशी वजनकाट्यावर नेऊन पुढच्या व मागच्या आसांचे वजन वेगवेगळे करून घ्यावे.

बाहेर पडण्याच्या वाटांविषयी जरा कठोरपणे लिहितो. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. बस ज्या बाजूला पडली, त्याच बाजूला दार होते. आपल्या शाळेच्या बसला संकटकाळी बाहेर पडण्याचे दार आहे. त्यासमोर कपाट उभे करण्याचा मोह होईल, तो आवरावा. पलंगापासून विरुद्ध बाजूंना किमान दोन वाटा मोकळ्या असाव्यात आणि दोघांनाही अंधारात चाचपडत त्या उघडता आल्या पाहिजेत. प्रवासात बसण्यासाठी पट्ट्याची, पुढे तोंड असलेली आसने ठेवावीत. चालत्या गाडीत सोफ्यावर आडवे बसू नये.

महाराष्ट्रात थंडीपेक्षा उन्हाचा बंदोबस्त मोठा. अर्ध्याअधिक खिडक्या पत्र्याने बंद कराव्यात, छत पांढरे रंगवावे आणि छत व भिंतींत बंद पेशींच्या (ओल न शोषणाऱ्या) फोमचे ४० ते ५० मिलिमीटर जाडीचे थर द्यावेत. नुसती काचलोकर भरल्यास पावसाळ्यात तिच्यात ओल धरते आणि आतून पत्रा गंजू लागतो. लोखंडी कमानींवरूनही उष्णता आत येते, म्हणून फोमचा एक पातळ थर कमानींच्या वरून सलग फिरवावा.

एसीचे गणित असे आहे. एक टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात चालताना सुमारे एक किलोवॅट वीज घेतो आणि मे महिन्यात रात्रभरात पाच-सहा युनिटे खातो. २४ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे पाच युनिटे मावतात, पैकी प्रत्यक्ष हाती चार-सव्वाचारच लागतात. छतावर ५४० वॅटची चार पॅनेले बसवल्यास निरभ्र दिवशी सात-आठ युनिटे मिळतील, पावसाळ्यात त्यापेक्षा फारच कमी. म्हणजे झोप लागेपर्यंत तीन-चार तास एसी चालेल, रात्रभर चालणार नाही. त्यापेक्षा तीस वॅटचे, कमी वीज खाणारे दोन बीएलडीसी पंखे आणि छताला एक उत्सारक (एक्झॉस्ट) पंखा हा शहाणा मार्ग आहे. चार पॅनेलांचेच वजन शंभर किलोंवर जाते आणि ते सर्वांत उंच जागी असते, हेही विसरू नये. घरातील विजेची जोडणी २४ व्होल्टचीच ठेवावी. गाडीची मूळ यंत्रणा तीच असते आणि १२ व्होल्टच्या निम्मा प्रवाह लागत असल्याने तारा कमी तापतात. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आणि २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवण्यात काटकसर करू नये.

गॅसपेक्षा इंडक्शन बरा, पण ढगाळ दिवसांत तो बॅटरी संपवील, म्हणून पाच किलोचा छोटा सिलिंडर जवळ असावा, हे मान्य. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळल्यास तो जमिनीलगत साचतो. सिलिंडरसाठी घरापासून पूर्ण बंद असलेला, फक्त बाहेरून उघडणारा कप्पा करावा आणि त्याच्या तळाला थेट गाडीखाली उघडणारे भोक ठेवावे. झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा.

प्रश्न : मी अशी गाडी तयार करून पर्यटकांना भाड्याने देऊ शकतो का? (नागपूर)

उत्तर : खासगी नोंदणीवर नाही. भाडे घेतले की वाहन व्यावसायिक ठरते. परमिट, कर आणि फिटनेस सारेच बदलते. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आणले आहे, तेव्हा पर्यटन संचालनालयाकडे चौकशी करून मगच पैसे गुंतवावेत.

प्रश्न : शौचालयाची सोय कशी करावी? (रत्नागिरी)

उत्तर : दोघांसाठी कॅसेट शौचालय पुरते. त्याची सुमारे वीस लिटरची टाकी बाहेरून काढता येते आणि दोन-तीन दिवसांनी रिकामी करावी लागते. ती घरगुती शौचालयात किंवा सेप्टिक टँकमध्येच रिकामी करावी. ओढ्यात किंवा रस्त्याकडेला नव्हे. आंघोळीचे व भांड्यांचे पाणी साठवायलाही वेगळी टाकी ठेवावी. कॅसेटमध्ये फिनेल ओतू नये, कारण त्याने सेप्टिक टँकमधील उपयुक्त जीवाणू मरतात. त्यासाठी मिळणारे जैविक द्रावण वापरावे.